खरं बोलणारं स्टिअरिंग

चांगलं स्टिअरिंग कसं असतं, हा प्रश्न मला लोक लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. मी स्टिअरिंगच्या कारखान्यात काम करते एवढं कळलं की झालं. मग मी सांगते, की हातात धरल्यावर जे लक्षात राहत नाही ते चांगलं. कडं फार जाड असलं तर बोटं अवघडतात. फार बारीक असलं तर माणूस नकळत आवळून धरतो आणि तासाभरात खांदे भरून येतात. हॉर्न अंगठ्याखाली हवा, शोधायला लागता कामा नये. मधले दांडे अशा जागी हवेत, की समोरचे आकडे झाकले जाणार नाहीत आणि अंगठे टेकायला जागा मिळेल. एवढं होईपर्यंत विचारणाऱ्याचं लक्ष जिलेबीकडे गेलेलं असतं, आणि खरं महत्त्वाचं सांगायचं राहूनच जातं.

ते असं, की चांगलं स्टिअरिंग रस्त्याची खबर हाताला देतं. पूर्वी स्टिअरिंगपासून पुढच्या चाकांपर्यंत लोखंडी दांडा असायचा. खडी लागली, चाक घसरायला लागलं, की ते दांड्यातून थेट तळहातात यायचं. आताच्या गाड्यांत दांडा नाही, वायर आहे. तुम्ही स्टिअरिंग किती फिरवलं हे वायरीतून पुढं जातं आणि चाकं एक मोटर वळवते. दुसरी मोटर स्टिअरिंगच्या खाली बसलेली असते, ती तुमच्या हाताला रस्ता जाणवून देते. म्हणजे हाताला लागते ती खडी नव्हे, खडीबद्दल मोटरीनं दिलेली बातमी. ती बातमी किती द्यायची, कुठली गाळायची, हे ठरवणं माझं काम. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी आहे, तिथं मी बरीच वर्षं हेच करतेय. नाव मृदुला शिंत्रे. नावाचा आणि स्वभावाचा काही संबंध नाही, हे आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात.

मधल्या काळात वयस्कर गिऱ्हाईक फार वाढलं. स्वतः चालणाऱ्या गाड्या हायवेवर चालतात, त्यांचं कौतुकच आहे, पण घाटातलं धुकं आणि रस्त्यावर ठाण मांडून बसलेल्या म्हशी आल्या की त्या अजूनही हात टेकतात. तिथं माणूसच लागतो. आणि माणूस सत्तरीचा असला तर त्याचा हात थरथरतो. तेव्हा आमचे मालक, खराडे साहेब, यांच्या डोक्यातून एक स्टिअरिंग निघालं. त्याला त्यांनी 'सोबती' नाव दिलं.

सोबतीमागचं शास्त्र अवघड नाही. आजारी हात सेकंदाला चार-पाच वेळा थरथरतो. मुद्दाम स्टिअरिंग फिरवणारा माणूस इतकं भरभर फिरवत नाही, त्यामुळे थरथर ओळखता येते. गाळणं मात्र कठीण. नुसती गाळणी लावली तर स्टिअरिंग उशिरा ऐकतं, आणि घाटातल्या वळणावर उशीर परवडत नाही. शिवाय आजारी हात नुसता थरथरत नाही, मधेच अडखळतो, मधेच हिसका देतो. म्हणून आम्ही दोन हात वेगवेगळे वाचायचं ठरवलं. स्टिअरिंगच्या कातड्याखाली कागदासारखा पातळ पडदा घातला, त्याला कुठला हात कुठं आहे आणि काय करतोय ते कळतं. दोन्ही हात मिळून जे करतात तो माणसाचा विचार. एकच हात परस्पर जे करतो तो आजार. पहिलं चाकांकडे पाठवायचं, दुसरं तिथल्या तिथं जिरवायचं. जिरवताना खालची मोटर उलट्या बाजूनं हलकासा जोर देते, त्यामुळे थरथर चाकांपर्यंत जात नाहीच, पण चालवणाऱ्याच्या स्वतःच्या हातालाही ती जाणवत नाही.

पहिल्या चाचणीला एक निवृत्त मास्तर आले होते. गाडीतून उतरले तेव्हा त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. माझा हात बरा झाला, म्हणाले. खराडे साहेबांनी ते वाक्य जाहिरातीसाठी तिथंच उचललं. हात बरा झालेला नाही हे मी साहेबांना बोलून दाखवलं, पण त्या दिवशी सगळे इतके खुशीत होते की माझं मलाच ते कुरकुरीसारखं वाटलं.

पुढं देव आडवे आले. हात सुटला की स्टिअरिंगनं ओरडायचं आणि गाडी आपोआप हळू करायची, असा नियम अशा सगळ्या गाड्यांना असतो. आमच्या जिल्ह्यात जरा गेलं की देऊळ. देऊळ आलं की ड्रायव्हरचा उजवा हात उठतो, छातीला लागतो, कपाळाला लागतो आणि परत जागेवर येतो. देव न मानणाऱ्याचाही उठतो, वडलांचा उठायचा म्हणून. चाचणीच्या गाड्या दर देवळापाशी बोंबलायला लागल्या आणि लोक आम्हाला शिव्या घालायला लागले. आमचा सॉफ्टवेअर लिहिणारा इरफान मुजावर, त्यानं यावर तोड काढली. लोकांचे हात कुठं कुठं उठतात ते नकाशावर टिपलं, दर्ग्यांसकट. स्वतःचा उठतो त्या जागा आधी घातल्या असतील, असं आम्ही त्याला चिडवायचो. त्या जागी दोन सेकंद स्टिअरिंगनं ओरडायचं नाही, आणि जो हात उरलाय त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवायचा. याला आम्ही 'नमस्कार-सूट' म्हणायचो. परदेशातल्या कंपनीला हे सात जन्मात सुचलं नसतं, असं साहेब बैठकीत म्हणाले. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

चाचणीच्या गाड्यांपैकी एक माझ्या थोरल्या बहिणीकडे होती. डॉ. सुचेता शिंत्रे, माझी अक्का. गगनबावड्यात तिचा दवाखाना आहे. आई गेली तेव्हा मी शाळेत होते, मला अक्कानंच वाढवलं, गाडीही तिनंच शिकवली, आणि शिकवताना मारलंही. लग्न केलं नाही. वेळ झाला नाही, असं सांगते. दर गुरुवारी ती करूळ घाट उतरून खाली आंबेतळीला जाते. आजूबाजूच्या वाड्यांवरच्या बाया पोरं घेऊन तिथल्या शाळेत येतात, त्यांना लस, औषध, तपासणी सगळं तिथं होतं. खाली डॉक्टर टिकत नाही. वर ड्रायव्हर टिकत नाही, चार महिने राहतो आणि पुण्याला पळतो. त्यामुळे गाडी अक्का स्वतः चालवते, शेजारी लतिका सिस्टर आणि मागं लसींची पेटी. अक्का गेली नाही तर त्या आठवड्याचा गुरुवार बुडतो, इतकं ते सरळ आहे.

तिनं आपणहून गाडी मागितली तेव्हा मी हरखून गेले होते. आयुष्यभर तिनं माझ्या कामाला 'तुझं ते चाक' म्हटलं होतं. आता बाईला किंमत कळली, असं मी घरी सगळ्यांना ऐकवलं.

दोन-तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. एका गुरुवारी दुपारी अक्काचा फोन आला. घाटात म्हैस आडवी आली, वाचवायला गेले तर डावं दार कठड्याला घासलं, लतिकाचं मनगट मुरगळलंय, काळजी करू नको, गाडी पाठवून देते. मी म्हशीला दोन शिव्या दिल्या आणि विषय सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी इरफाननं मला त्याच्या टेबलापाशी बोलावलं. चाचणीच्या गाड्यांची माहिती आमच्याकडे नावाशिवाय येते. कुठली गाडी कोणाची हे आम्हाला कळू नये, असा कायदाच आहे, आणि तो योग्य आहे. पण कुठं काही घासलं, आपटलं, की ते आम्हाला तपासावं लागतं. इरफाननं पडद्यावर एक घाट दाखवला. वळणावर म्हसोबाचं ठाणं. उजवा हात उठलेला. नमस्कार-सूट चालू झालेली. डावा हात एकटा, आणि तुलना करायला दुसरा हातच नाही. त्या दोन सेकंदांत डाव्या हातानं एक हिसका दिला, स्टिअरिंगनं त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवला, आणि गाडी कठड्यावर गेली. त्याच्या आधी ब्रेक लागलेला नव्हता, गाडी कोणाला चुकवायला वळलेली नव्हती. म्हैस कुठंच नव्हती.

मग इरफाननं त्या गाडीचे मागचे महिने उघडले. डाव्या हाताची थरथर पहिल्या दिवसापासून होती. सुरुवातीला बारीक, हात नुसता टेकलेला असताना, मग वाढत गेलेली. सोबतीनं ती सगळी जिरवली होती, इतक्या सफाईनं की गाडी सरळ रेषेत चालली होती. घाट करूळचा. वार गुरुवार. मला नाव कळायची गरजच राहिली नाही.

ही माझी बहीण आहे, एवढं मी इरफानला सांगितलं. तो म्हणाला की सूट त्यानं लिहिली होती. मी म्हटलं, टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या होत्या. त्या दोन सेकंदांत गाडी गेली तिथं कठडा होता म्हणून बरं, घाटात सगळीकडे कठडा नाही. इरफाननं त्याच दिवशी सूट काढून टाकली. आता एक हात उठला की गाडी गुपचूप हळू होते, मग देव असो नाहीतर नसो.

खराडे साहेबांच्या दृष्टीनं तिथं प्रश्न मिटला. चूक सापडली, चूक सुधारली, गाडी बाजारात आणा. मी म्हटलं की माणसाला आजार झालाय आणि आपलं स्टिअरिंग तो त्याच्यापासून लपवतंय. त्यावर ते म्हणाले, की गिऱ्हाईकाला आजार सांगणं आपलं काम नाही, आपण दवाखाना काढलेला नाही. त्यांचं सगळंच चूक होतं असं नाही. त्यांचे वडील ऐंशीच्या घरातले, सोबतीवर रोज मळ्यात जातात आणि दुपारी आनंदानं परत येतात. त्यांच्याकडून ते काढून घ्या असं मी कुठल्या तोंडानं सांगणार होते? पण माझ्या डोक्यात साहेबांचे वडील नव्हतेच. अक्काला हे माहीत नाही, एवढंच डोक्यात घोळत होतं. तिला सांगायचं म्हणजे कायदा मोडायचा. नाही सांगायचं म्हणजे दर गुरुवारी फोनची वाट बघत बसायचं.

रविवारी मी गगनबावड्याला गेले. अक्का मागच्या खोलीत लसींची पेटी आवरत होती. मला बघून तिला आनंद झाला, लगेच भज्यांचा बेत निघाला, कांदा चिरायला मला बसवलं. मी तिच्या डाव्या हाताकडे बघत होते. तो पदराखाली होता. मला नीट बोलायचं होतं, हळूहळू, विषयाला हात घालत. पण मला ते कधी जमलेलं नाही. कांदा अर्धा चिरून झाला आणि मी सुरी खाली ठेवून सगळं एका दमात ओकले. म्हैस नव्हती हे पण.

अक्का स्टुलावर बसली. पदर बाजूला करून तिनं डावा हात मांडीवर ठेवला. तो थरथरत होता.

"पार्किन्सन," ती म्हणाली. "आपल्याकडे कंपवात म्हणतात तो. वर्ष होऊन गेलं. कोल्हापुरात नको म्हणून पुण्याला दाखवून आले. गोळ्या चालू आहेत."

"तुला माहीत होतं?"

"डॉक्टर आहे मी, मृदे. आणि गाडी कशाला मागितली होती असं वाटलं तुला?"

माझा संताप संताप झाला. एवढं मोठं दुखणं आणि मला सांगितलं नाही, आणि वर माझंच स्टिअरिंग वापरून माझ्यापासून लपवलं. मी बरंच काही बोलले. लतिकाचं मनगट काढलं, दरी काढली, आईसुद्धा काढली. अक्का ऐकून घेत होती. तिनं मला एवढं बोलू दिलं, तेव्हाच मला भीती वाटायला लागली.

मग ती बोलली. घरात तिला हाताचा क्षणभर विसर पडत नाही. डाव्या हातात कप धरत नाही, पेशंटसमोर तो कोटाच्या खिशात असतो, साडीच्या निऱ्या घालायला सकाळी किती वेळ जातो ते तिचं तिला माहीत. फक्त गाडीत बसलं की तो हात शांत असतो. आठवड्यात तेवढे दोन-तीन तास ती आजारी नसते. घाट उतरताना ती पूर्वीची असते.

"तो हात खरंच शांत नसतो, अक्का. शांत आहे असं आम्ही तुला भासवतो."

"कळतं गं. डोक्याला कळतं. हाताला नाही कळत. त्या दिवशी म्हसोबाला मी उजवा हात उचलला. घरी मी डाव्यावर चहाचा कप ठेवत नाही, आणि तिथं अख्खी गाडी ठेवली. लतिका शेजारी बसलेली. मला आठवलंच नाही."

हे ऐकून माझा राग कुठल्या कुठं गेला. मी इतके दिवस समजत होते, की आमचं स्टिअरिंग आजार न कळलेल्या माणसाला फसवतं. ते कळलेल्या माणसालाही फसवत होतं. आजाराचं नाव, गोळ्या, पुण्याचा डॉक्टर, सगळं ठाऊक असलेली बाई गाडीत बसली की तिचा हात आमच्यावर विश्वास ठेवत होता. आणि चालवणारा हातच असतो, डोकं नंतर येतं.

आता गाडी सोड, असं मी तिला म्हणाले. तिनं विचारलं, गुरुवारी पोरांना डोस कोण देणार, तू? भजी झाली, आम्ही दोघींनी खाल्ली, आणि ती नेहमीसारखी चांगली झाली होती.

निघताना तिनं दारात मला विचारलं, की लपवणारं स्टिअरिंग करता येतं तर सांगणारं करता येत नाही का. मी म्हटलं, येतं, आणि करायला सोपं आहे. थरथर चाकांकडे जाऊ द्यायची नाही, गाडी सरळच चालली पाहिजे. फक्त खालच्या मोटरीचा तो उलटा जोर काढून टाकायचा. मग हाताची जी गत आहे ती हाताला जशीच्या तशी कळते.

"मग तसं आण," अक्का म्हणाली. "ते हातात घेऊन मी ठरवीन. तू नाही, आणि तुझे ते साहेबही नाहीत."

साहेबांना मी ते दाखवलं. त्यांनी स्वतः चालवून बघितलं आणि हसले. तुम्ही म्हातारे झालात असं दर वळणाला सांगणारी गाडी पैसे देऊन कोण घेईल, असा त्यांचा सवाल होता. ते भांडण आमच्यात पुढं वर्षभर चाललं. शेवटी तोडगा निघाला तो असा, की गाडी देताना गिऱ्हाईकाला विचारायचं, तुमच्या हाताचं तुम्हाला कळलेलं हवं की नको. बहुतेक जण नको म्हणतात. मी त्यांना नावं ठेवत नाही.

पण तेव्हा ते एकच स्टिअरिंग होतं आणि ते अक्काच्या दुरुस्त होऊन आलेल्या गाडीत मी बसवलं. गुरुवारी रजा टाकून मी तिच्याबरोबर निघाले. लतिका मागं बसली, मनगटाला अजून पट्टी होती. तिला अक्कानं काय सांगितलं होतं मला माहीत नाही, पण ती नेहमीपेक्षा कमी बोलत होती.

गाव संपेपर्यंत काही झालं नाही. सरळ रस्ता लागला, अक्कानं हात जरा सैल सोडले, आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. मला शेजारून दिसत होतं. कडं तिच्या डाव्या हाताखाली बारीक, भरभर हलत होतं आणि गाडी मात्र रेषेत चालली होती. अक्काचं तोंड मिटलं गेलं. तिनं मुठी आवळल्या, थरथर थोडी कमी झाली, मग परत आली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी खिडकीबाहेर बघायचं ठरवलं, पण नजर त्या कड्यावरच राहिली.

घाट सुरू झाला. अक्कानं सुंदर चालवली. एरवीपेक्षा हळू, दोन्ही हात जागेवर, म्हसोबापाशीही हात उचलला नाही, मान तेवढी झुकवली. वळणांवर वळणं गेली, समोरून एक टेम्पो आला, तिनं त्याला नीट वाट दिली. मला हायसं वाटायला लागलं. एखादं वर्ष तरी निघेल, त्यात ड्रायव्हर सापडेल, नवीन डॉक्टर येईल, असे माझे हिशेब चालू झाले. आणि मग एका रुंद जागेवर तिनं गाडी बाजूला घेतली आणि हँडब्रेक ओढला.

तिचे हात अजून स्टिअरिंगवर होते. गाडी उभी होती, रस्ता नव्हता, खडी नव्हती, आणि ते कडं तिच्या हाताखाली थरथरत होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. पेशंटला तपासताना बघते तशी.

"आयुष्यभर लोकांना तोंडावर खरं सांगत आले," ती म्हणाली. "मला सांगायला तुझं चाक लागलं."

आता गंमत बघा. तिनं गाडी सोडावी म्हणून मी जिवाचा आटापिटा केला होता, आणि त्या जागी मीच तिची समजूत घालायला लागले. एकही चूक झाली नाही, अक्का, किती छान चालवलीस, एवढ्यात सोडायची काही गरज नाही. तिनं मला बोलू दिलं नाही.

"दोन वळणं मी रस्त्याकडे बघत नव्हते. हाताकडे बघत होते. आणि मागं लतिका बसलीय." तिनं पट्टा सोडला. "उतर. इकडं ये."

मी उतरले, गाडीला वळसा घातला. ती समोरून येत होती. गाडीच्या पुढं आम्ही दोघी एकमेकींना भेटलो आणि मला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन, लतिकासमोर. माझी अक्का, जिनं मला क्लच कसा सोडायचा ते शिकवलं, ती गाडीच्या डाव्या बाजूला जात होती. अक्कानं माझ्या पाठीवर एक थाप मारली, आणि डोळे पूस, पुढं उतार आहे, म्हणाली.

खालपर्यंत तिनं मला एक वळण सुखानं घेऊ दिलं नाही. फार आत घेतलंस, फार बाहेर घेतलंस, गिअर कुठला आहे. ब्रेक नसलेल्या जागी तिचा पाय दाबला जात होता. स्टिअरिंग माझ्या हातात गप्प होतं. लतिका मागून हळूच हसली, त्या दिवशी पहिल्यांदा.

आंबेतळीच्या शाळेच्या व्हरांड्यात बाया पोरं घेऊन बसलेल्या होत्या. अक्का डाव्या दारातून उतरली तशा सगळ्या बघायला लागल्या. एक म्हातारी पुढं आली आणि तिनं विचारलं, बाई आज त्या अंगानं कशा उतरल्या.

"ड्रायव्हर ठेवलाय," अक्कानं माझ्याकडे बोट दाखवलं. "शिकतीय अजून."

बाया हसल्या. मीही हसले. टेबल मांडलं गेलं, पेटी उघडली, पहिली बाई पुढं येऊन बसली. मांडीवर चार महिन्यांचं बाळ होतं. लस देताना डॉक्टरनं डाव्या हातानं बाळाचा पाय धरायचा असतो आणि उजव्यानं सुई. लतिकानं भरून दिलेली सुई अक्कानं घेतली आणि ती थांबली. डावा हात कोटाच्या खिशात होता. तिनं तो बाहेर काढून टेबलावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

"लतिका, पाय तू धर," ती म्हणाली. "माझा डावा आता कामाचा नाही."

लतिकानं पट्टी बांधलेल्या हातानं बाळाचा पाय धरला. अक्कानं उजव्या हातानं सुई दिली, बाळानं भोकाड पसरलं, आणि तिनं पुढच्या बाईला हाक मारली.